निष्ठा मागण्याआधी करार दाखवा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतील मंडळाने मोबाईलवरच्या बीजीएमआय या खेळाची स्पर्धा भरवली होती. अंतिम फेरीला दोन दिवस उरले असताना सर्वांत बलवान समजल्या जाणाऱ्या चौघांपैकी एक जण वडगावच्या चमूला जाऊन मिळाला आणि मंडपामागच्या कट्ट्यावर जो वाद पेटला तो विसर्जन होऊन गेले तरी विझला नाही. एक पक्ष म्हणत होता, ज्यांनी खेळ शिकवला त्यांनाच सोडून गेला, हा गद्दार आहे. दुसरा म्हणत होता, इथे भावनेला जागा नाही, जिंकायचे तर माणसे बदलावीच लागतात. गंमत अशी की आपल्याच गल्लीतल्या पोराबद्दल भांडताना ही मुले ओजी, ॲस्ट्रालिस, टी-वन, टीम सोल अशा नामांकित व्यावसायिक संघांची उदाहरणे एकमेकांच्या अंगावर फेकत होती. कोणत्या वर्षी कोण आला नि कोण गेला हे त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. एवढी माहिती हाताशी असूनही वाद जागच्या जागी फिरत राहिला, कारण दोन्ही पक्षांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता : संघ बदलणे चांगले की वाईट? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. खेळाडूने संघ सोडण्यात बेइमानी नाही आणि संघाने खेळाडू बदलण्यात अन्यायही नाही. अन्याय आहे तो बदलाच्या अटी आधी कुठेच लिहून न ठेवण्यात, किंवा एकाच बाजूला कळतील अशा रीतीने लिहिण्यात. आणि हा अन्याय झाकायला 'निष्ठा' हा शब्द फार सोयीचा पडतो.

ज्या याद्यांचे दाखले दिले जातात त्या आधी नीट वाचायला हव्यात. २०१८ च्या मे महिन्यात डोटा २ हा संगणकावरचा सांघिक खेळ खेळणाऱ्या ओजी या युरोपीय संघातून फ्लाय आणि एस-फोर हे दोन अनुभवी खेळाडू निघून इव्हिल जीनियसेस या अमेरिकी संघात गेले. फ्लाय हा संघात मागे राहिलेल्या नोटेलचा जुना मित्र. दोघांनी मिळून तो संघ उभा केलेला. आमच्या कट्ट्याच्या भाषेत ही सरळ सरळ गद्दारी. मागे उरलेल्यांनी प्रशिक्षकाचे काम करणाऱ्या सेबला पुन्हा खेळायला बसवले, विश्रांतीवर गेलेल्या ॲनाला परत बोलावले आणि मोठ्या रंगमंचाचा अनुभव नसलेल्या टॉपसन नावाच्या फिनलंडच्या तरुणाला घेतले, जेरॅक्स होताच. खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करून हा जोडजमाव ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरच्या 'द इंटरनॅशनल' या डोटाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत पोहोचला, वाटेत त्याच इव्हिल जीनियसेसला त्याने हरवले आणि अंतिम सामन्यात चीनच्या पीएसजी.एलजीडीला ३-२ असे नमवून विजेतेपद घेतले. पुढच्या वर्षी शांघायमध्ये याच पाच जणांनी ते राखले. ती स्पर्धा दोनदा जिंकणारा हा पहिला संघ आणि २०१९ च्या त्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम ३ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक होती. ही कहाणी फुटीचे समर्थन करणारे सांगतात, कारण फूट पडली नसती तर हा संच जुळलाच नसता. आणि स्थैर्याचे समर्थन करणारेही सांगतात, कारण दुसरे विजेतेपद संच न मोडल्यामुळे मिळाले. एकच पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडत असेल, तर त्या पुराव्यावर निकाल लागणार कसा?

स्थैर्याच्या बाजूचा युक्तिवाद मात्र मी हलका समजत नाही. काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या डेन्मार्कच्या ॲस्ट्रालिसने २०१८ ते २०१९ या काळात लंडन, कातोवित्से आणि बर्लिन अशा सलग तीन 'मेजर', म्हणजे त्या खेळातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धा जिंकल्या त्या डिव्हाइस, डुप्री, झिपेक्स, ग्लेव्ह आणि मॅजिस्क या एकाच संचाच्या बळावर. असे खेळ म्हणजे नुसती बोटांची चपळाई नव्हे. कोण पुढे घुसणार, कोण पाठ राखणार, कोणाच्या आवाजातला कोणता चढउतार म्हणजे धोका, हे एकमेकांना न बोलता कळावे लागते आणि ते कळायला महिनोन् महिने एकत्र सराव लागतो. तबलजी बदलला की गवयाची मैफल पहिल्या आवर्तनापासून सावध होते, तसेच हे. तेव्हा दर दोन महिन्यांनी खेळाडू बदलणारे संचालक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात, हे कबूल. परंतु ॲस्ट्रालिसच्या त्याच सुवर्णकाळाची सुरुवात कशी झाली हेही पाहावे. २०१७ च्या अटलांटा मेजरचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला केयरबाय फेब्रुवारी २०१८ मध्ये संघ सोडून नॉर्थ या दुसऱ्या डॅनिश संघात गेला, म्हणून तर मॅजिस्कसाठी जागा झाली. आणि पुढे मे २०२० मध्ये ग्लेव्ह आणि झिपेक्स या दोघांनी ताणामुळे रजा घेतली, तेव्हा पाचाहून अधिक खेळाडू हाताशी ठेवण्याच्या ज्या धोरणावर टीका झाली होती तेच माणुसकीचे ठरले. थकलेल्या माणसाला निष्ठेच्या नावाने खुर्चीवर बसवून ठेवणे याला स्थैर्य म्हणायचे काय?

कोरियाच्या टी-वनचे उदाहरण याहून बोलके आहे. लीग ऑफ लेजंड्स या खेळातला फेकर २०१३ पासून त्याच संस्थेत आहे आणि २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४ व २०२५ अशी सहा जागतिक विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. निष्ठेची चर्चा निघाली की त्याचे नाव देवासारखे घेतले जाते. पण त्याच्या भोवतीच्या चार खुर्च्या पाहिल्या तर पहिल्या विजेतेपदातला एकही सोबती २०२३ मध्ये उरलेला नव्हता. झ्यूस, ओनर, गुमायुसी आणि केरिया यांच्यासह सलग दोन विजेतेपदे मिळाल्यानंतर झ्यूस २०२४ च्या अखेरीस दुसरीकडे गेला, त्याच्या जागी डोरान आला आणि तरीही पुढचे वर्ष टी-वननेच जिंकले. म्हणजे ज्याला आपण निष्ठेचे मंदिर म्हणतो त्याच्या गाभाऱ्याबाहेर येजा सतत चालूच होती. आपल्याकडच्या टीम सोलची गोष्ट तर एका बाबतीत पुढची आहे : २०१९ मध्ये पबजी मोबाईलची भारतीय स्पर्धा जिंकताना मैदानात मॉर्टल, वायपर, रोनक आणि ओवेस होते; २०२२ मध्ये त्याच खेळाच्या बीजीएमआय या नव्या अवताराची प्रो सिरीज जिंकताना ओमेगा, गॉब्लिन, हेक्टर आणि अक्षत होते. चारांतले एकही नाव समान नाही, तरी चाहते तेच, घोषणा त्याच.

इथे व्यवहारवादी पक्ष पुढे सरसावतो आणि म्हणतो : बघा, नाव टिकते, माणसे बदलतात, यात रडण्यासारखे काय आहे? आमच्या भागात तर त्याला हवे तेवढे दाखले सापडतात. चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आषाढी वारीत माऊलींच्या पालखीसोबत चालतो. घोडे किती बदलले असतील, पण रिंगणात धावतो तो माऊलींचाच अश्व. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि तिची पहिली पलटण १७६८ पासूनचा इतिहास सांगते. त्या वेळचा शिपाई आज कोणी नाही, तरी पलटण तीच. हा दाखला मला मान्य आहे, फक्त तो पुरता वाचावा एवढीच विनंती आहे. पलटणीत भरती होणाऱ्या खानापूरच्या पोराला सेवेची मुदत किती, सुट्टी किती, जखमी झाल्यास काय, निवृत्तीनंतर काय, हे सारे नियमांत लिहिलेले असते. पलटणीचे नाव माणसांहून मोठे होते कारण पलटण माणसाची जबाबदारी घेते. जबाबदारी न घेता फक्त नावाचा मोठेपणा उसना घेणाऱ्यांनी पलटणीचा दाखला देऊ नये. घोड्याचा द्यावा की नाही, तेही त्यांनीच ठरवावे. अंकलीचा अश्व निदान आयुष्यभर सांभाळला जातो.

खरे तर या वादाचा सर्वांत जवळचा पूर्वज मराठी माणसाच्या घरातच आहे आणि त्याचे मूळ याच बेळगाव जिल्ह्यात सापडते. सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, पण मंडळी चालू राहिली. १८८२ मध्ये आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी तिला तोलून धरले. १९०१ मध्ये भाऊराव गेले, आता संपले असे लोक म्हणाले, तर १९०५ मध्ये बालगंधर्व आले. एकामागून एक मुख्य नट बदलला, तरी 'किर्लोस्कर' या पाटीला प्रेक्षक येतच राहिले. मग १९१३ मध्ये व्यवस्थापनाशी पटेनासे झाल्यावर बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये तेव्हा अवघ्या सतरा वर्षांचे असलेले दीनानाथ मंगेशकर चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बलवंत मंडळी उभी राहिली. त्याआधी १९०८ मध्ये आमच्या शेजारच्या हुबळीत केशवराव भोसले यांनी वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना स्वदेश हितचिंतक मंडळी सोडून ललितकलादर्श स्थापन केली होती. गंधर्व मंडळीतूनही पुढे टेंबे गेले, बोडस गेले.

या प्रत्येक फुटीच्या वेळी आजच्याच शिव्या दिल्या गेल्या असतील याविषयी मला शंका नाही. पोराला बिऱ्हाडी ठेवून घेतले, जेवू घातले, गळा तयार केला, आणि मिशा फुटताच निघून गेला! ही तक्रार खोटी नव्हती. मंडळीचे बिऱ्हाड आणि आजचा बूटकॅम्प यांत फरक फार थोडा : भाड्याचे घर, एकत्र पंगत, रात्रंदिवस तालीम, घरापासून दूर राहणारी कोवळी मुले आणि सगळ्यांच्या जिवावर चालणारे एक नाव. पण आज शंभर वर्षांनी आपण काय म्हणतो? ती मुले फुटली नसती तर मराठी संगीत रंगभूमीला गंधर्व, ललितकलादर्श आणि बलवंत अशी तीन वेगळी घराणी मिळाली नसती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव एकाच रंगमंचावर संयुक्त मानापमानात उभे राहिले, तो प्रसंग घडायला आधी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या असाव्या लागल्या. त्याच वर्षी केशवराव गेले. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकर आणि मग भालचंद्र पेंढारकर यांच्या हाती टिकून राहिली. ज्यांना आपण त्या काळी फुटीर म्हटले असते, तेच आज आपल्या अभिमानाचे विषय आहेत. या बाबतीत आपली स्मरणशक्ती फार सोयीची आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा भावनेचा नसून पैशाचा आहे. संस्था घरभाडे भरते, पगार देते, प्रशिक्षक नेमते, विश्लेषक ठेवते. वर्षभराने खेळाडू तयार झाला की शेजारचा संघ दुप्पट पगार देऊन त्याला उचलतो. असे होत राहिले तर नव्या मुलावर खर्च कोण करील? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'खेळाडू स्वतंत्र आहे' एवढे उत्तर पुरत नाही. पण त्याचे उत्तर निष्ठेतही नाही; ते करारात आहे. ठरलेली मुदत, मुदतीआधी जायचे असल्यास द्यायची ठरलेली रक्कम, आणि तेवढीच रक्कम नसली तरी तेवढाच बांधीलपणा संस्थेवरही : मुदतीआधी काढल्यास किती महिन्यांचा पगार. फुटबॉलमध्ये जगभर हेच चालते आणि तेथील संस्था काही भिकेला लागलेल्या नाहीत. निष्ठेच्या भरवशावर गुंतवणूक करणारा माणूस उदार नसतो. कागदावर स्वतःला बांधून घ्यायचे नसते म्हणून तो भावनेने दुसऱ्याला बांधू पाहतो.

शिवाय तोंडी निष्ठा आणि घाईत केलेला कागद यांना आपला कायदा फारशी किंमत देत नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करायला माणूस सज्ञान हवा, आणि अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो हे मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवले आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची सही घेऊन 'आता तू आमचा' म्हणणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात फक्त त्याची भीती असते. त्याच कायद्याचे कलम २७ कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरवते; तेव्हा करार संपल्यावरही एक वर्ष दुसरीकडे खेळायचे नाही, अशी अट दाखवून मुलाला घरी बसवणाऱ्यांची बाजू न्यायालयात लंगडीच पडेल. माझ्या पाहण्यातल्या, खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने अशीच अट मानून आठ महिने फोनला हात लावला नाही. त्याच्या संस्थेने तोवर त्याच्या जागी दुसरा घेतला होता आणि त्याला कळवण्याचे सौजन्यही दाखवले नव्हते.

निष्ठा एकतर्फी कशी असते हे याहून स्पष्ट दिसले ते बंदीच्या काळात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. कुस्तीची लाल माती कोणाच्या मालकीची नसते; बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्याला कोणी एका सकाळी कुलूप घालून पैलवानाला तुझा खेळच आता राहिला नाही, असे सांगू शकत नाही. या खेळांत ते होऊ शकते, आणि झाले. अशा वेळी दुसरा खेळ शोधणारा, चित्रफिती बनवणारा किंवा संघ सोडून पदवीचा अभ्यास करणारा मुलगा गद्दार, आणि पगार थांबवून संच मोकळा करणारी संस्था मात्र 'परिस्थितीपुढे हतबल', हा न्याय कुठला? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली ही चांगली गोष्ट झाली, पण त्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. भाड्याच्या घरात राहून खेळणाऱ्या मुलाच्या हातातला कागद कसा असावा, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

आणि सीमाभागातल्या माणसाला कागदाची भाषा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेताच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ आमच्या दोन पिढ्यांवर आली. सरकारी कागद मराठीतही मिळावेत म्हणून इथे मोर्चे निघतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण त्याच घरातला मुलगा बंगळूरूहून किंवा पुण्याहून मोबाईलवर आलेल्या बारा पानी इंग्रजी करारावर बोटाने सही करतो तेव्हा कोणाला काही वाटत नाही. वाद झाल्यास न्यायालय मुंबईचे, असे त्यात लिहिलेले असते हे बापाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. इथल्या चौघांच्या चमूत बहुधा दोघे घरी मराठी बोलणारे, एक कन्नड आणि एक उर्दू बोलणारा असतो. खेळताना त्यांची भाषा चौथीच, अर्धी हिंदी आणि अर्धी खेळाची. त्यांच्यात भाषेवरून कधी बिनसल्याचे मी पाहिलेले नाही. बक्षिसाच्या वाटणीवरून मात्र दर स्पर्धेला बिनसते.

करार उघड करा म्हटले की हरकत येते : पगाराचे आकडे बाहेर आले तर मत्सर वाढेल, बाजार बिघडेल. ही हरकत मला अर्धी पटते. आकडे खासगी राहू द्यावेत; तारखा उघड असाव्यात. लीग ऑफ लेजंड्स बनवणारी रायट गेम्स ही कंपनी आपल्या मोठ्या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंचे करार कधी संपतात याची यादी कोणालाही पाहता येईल अशी ठेवते. पगार त्यात नसतो. एवढ्यानेही झ्यूससारखा खेळाडू गेला तेव्हा चाहत्यांना राग आला, पण करार संपल्यावर गेला की मोडून गेला, हा मुद्दा अफवेवर सोडावा लागला नाही. कोरियात २०१९ मध्ये एका अल्पवयीन खेळाडूच्या करारावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्यातूनच तिथे शासनाने खेळाडूंसाठी नमुना करारपत्रे आणली. तिथल्या चाहत्यांनी त्या वेळी मुलाची निष्ठा तपासली नाही, कागद मागितला. आपल्याकडचे चाहते संघाच्या प्रत्येक बदलाच्या घोषणेखाली हृदयाची चित्रे टाकतात किंवा शिव्या घालतात. करार कधी संपत होता असा प्रश्न विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

आमच्या मंडळाने यंदाच्या स्पर्धेसाठी अर्ध्या पानाचा फॉर्म केला आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत. चार खेळाडू, दोन राखीव, नाव नोंदवल्याची तारीख. पात्रता फेरी सुरू झाल्यावर संघ बदलायचा नाही, त्याआधी कोणी कुठेही जावे. बक्षिसाची वाटणी आधीच आकड्यांत. अठराच्या आतल्या मुलासाठी आई किंवा वडिलांची सही आणि त्यांचा फोन नंबर. मुलांनी वाचून एकच दुरुस्ती सुचवली. मधेच कोणाची परीक्षा आली किंवा घरी कामाला थांबावे लागले तर राखीव खेळाडू खेळेल, पण बक्षिसातला वाटा मूळ खेळाडूला किती, हे त्यात नव्हते. त्यावर दीड तास भांडण झाले आणि शेवटी खेळलेल्या सामन्यांच्या हिशेबाने वाटा द्यायचा असे ठरले. गेल्या वर्षी वडगावला गेलेला मुलगाही त्या भांडणात होता आणि सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता.